श्रमाने घडलेले विद्येचे गाव



सातारा हे विद्येचे गाव झाले ते श्रमाच्या बळावर. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आले. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि कामे स्वतः करीत. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिनेच नव्हे, मंगळसूत्रही दिले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेमुळे गरीब विद्यार्थ्यास कष्ट करून पदवी मिळवता येऊ लागली. शिक्षणासाठी दान देताना घेणाऱ्याचा स्वाभिमान जपावा, हीच साताऱ्याची शिकवण होय.