गुरुवारचे आकडे आणि जालन्याची संध्याकाळ



टीव्हीसाठी लिहिणाऱ्या आणि टीव्हीत काम करणाऱ्या माणसांची परिषद असली की अध्यक्षाने मालिकांच्या घसरलेल्या दर्जावर बोलायचं आणि टाळ्या घेऊन खाली बसायचं, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. दर्जावर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मी भर घालत नाही. मला वेळेबद्दल बोलायचं आहे. संध्याकाळी साडेसातला मराठी घरात काय लागतं, ते कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं, आणि ठरवताना जालना जिल्ह्यातल्या माणसाचं घड्याळ कुणी पाहतं का, एवढाच माझा विषय.

एक काळ असा होता की हा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढे म्हैसमाळच्या डोंगरावर मनोरा उभा राहिला आणि मराठवाड्याच्या छपरांवर अँटेना दिसू लागले. वाहिनी एकच, वेळही तिचीच. 'आमची माती, आमची माणसं' संध्याकाळी लवकर लागायचं, कारण दूरदर्शनला शेतकऱ्याशी बोलायचं होतं आणि शेतकरी लवकर जेवतो, लवकर झोपतो, हे तिथे बसलेल्या कुणाला तरी माहीत होतं. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की बाजार ओस पडायचा. कोण किती पाहतं याचा अंदाज दूरदर्शनचा प्रेक्षक-संशोधन विभाग लोकांकडून डायऱ्या भरून घेऊन करायचा. अंदाज चुकला तरी कुणाची नोकरी जात नव्हती.

1999 च्या 15 ऑगस्टला अल्फा मराठी आली, 2000 साली ईटीव्ही मराठी आली, 2008 मध्ये स्टार प्रवाह आली, आणि मराठी संध्याकाळचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पडले. आपण त्याला स्लॉट म्हणतो. त्यातली हुशारी नीट पाहण्यासारखी आहे. 'होम मिनिस्टर' 2004 मध्ये साडेसहाच्या सुमाराला आणलं गेलं, तेव्हा ती वेळ पडीक समजली जात होती. घरातली बाई त्या वेळी स्वयंपाकाला लागलेली असते, ती टीव्हीसमोर बसत नाही, असा सगळ्यांचा समज. तिलाच पडद्यावर आणलं, पैठणी दिली, आणि सात वाजता सुरू होणाऱ्या मालिकेला आयता भरलेला दिवाणखाना मिळाला. आधीच्या कार्यक्रमाने पुढच्याला प्रेक्षक पुरवायचा, ही आपल्या धंद्यातली पहिली शिकवण. तो कार्यक्रम अठरा वर्षं चालला.

दुसरी शिकवण जरा कठोर आहे. 'आई कुठे काय करते' डिसेंबर 2019 मध्ये साडेसातला सुरू झाली, कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, आणि मार्च 2024 मध्ये दुपारी अडीचला हलवली गेली. साडेसातला नवी मालिका आली. प्रेक्षक चिडले. पण ज्याच्या हातात वेळापत्रक असतं तो असा विचार करतो: जुन्या मालिकेचा प्रेक्षक निष्ठावान आहे, तो दुपारीही येईल आणि ओसाड दुपार वसवेल, संध्याकाळच्या सोन्यासारख्या वेळेवर नवं बी पेरून बघू. हिशोब म्हणून यात खोट काढता येत नाही. फक्त तो प्रेक्षक दुपारी अडीच वाजता कुठे असतो, हा प्रश्न उरतो. पुण्यातल्या गृहिणीला अडीचची वेळ सोयीची असेल. घनसावंगी तालुक्यातली बाई नोव्हेंबरात त्या वेळी कंबरेला ओटी बांधून कापूस वेचत असते.

आता आकड्यांकडे येतो, कारण सगळं त्यांच्या नावाने चालतं. आपल्या सेटवर अजून टीआरपीच म्हणतात. तो गुरुवारी येतो, आणि गुरुवारी दुपारी निर्मात्याचा चेहरा पाहून लेखकाला कळतं की नायिकेला पुढच्या आठवड्यात अपघात होणार की नाही. हा आकडा बार्क ही संस्था काढते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटना तिच्या मालक आहेत. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरातला मीटर ती खूण ऐकतो आणि मिनिटागणिक नोंद करतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं. आजी आली की आजीने आपलं बटण दाबायचं, उठून गेली की पुन्हा दाबायचं. देशात टीव्ही असलेली घरं साधारण 21 कोटी धरली आणि मीटर 55 हजारांच्या घरात, तर सरासरी चार हजार घरांमागे एक मीटर पडतो. जालना जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 19 लाख 59 हजार होती. भागाकार तुम्हीच करा. ही घरं गुप्त असतात आणि ती तशीच असायला हवीत. 2001 साली मुंबईतल्या मीटरच्या घरांची यादी फुटली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी मीटरच्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याचा आरोप करत गुन्हा दाखल केला. तो खटला 2024 मध्ये मागे घेतला गेला. त्या प्रकरणावर मी जास्त बोलणार नाही. चोरी झाली की नाही यापेक्षा, चोरी न होतासुद्धा काय सुटतं हे मला महत्त्वाचं वाटतं.

बार्कच्या आधी टॅमचे मीटर होते, ते प्रामुख्याने शहरांत. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं इथल्या प्रत्येकाला आठवत असतील. त्या काळात आपल्या खेड्यांत संध्याकाळी लाईटही नव्हती आणि मीटरही नव्हता. ऑक्टोबर 2015 पासून बार्कने ग्रामीण भारताचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि वर्षभरात मराठी पडद्याचा भूगोल बदलू लागला. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापुरात गेली, 'लागिरं झालं जी' साताऱ्याच्या फौजींच्या गावात गेली, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरच्या बोलीत बोलू लागली. दिवाणखान्यातून अंगणात यायला मराठी मालिकेला मोजमापाने भाग पाडलं. टीआरपीला सरसकट शिव्या घालणाऱ्या माझ्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावं. खेडं मोजलं गेलं म्हणून खेडं दिसलं.

पण कोणतं खेडं? कोकण दिसलं, कोल्हापूर-सातारा तर इतका दिसला की वाईच्या घाटावरचे पुजारीही कॅमेऱ्याला सरावले असतील. मराठवाड्यातल्या गावात घडणारी, तिथली बोली बोलणारी, मुख्य वेळेत वर्षानुवर्षं चाललेली मालिका आठवायला बसावं लागतं. कारणं साधी आहेत. कोल्हापुरात चित्रनगरी आहे, साताऱ्यात नट मुंबईहून चार-पाच तासांत पोचतो, चित्रीकरणाला लागणारी माणसं आणि सामान तिथे तयार मिळतं. आकड्यांच्या तक्त्यातही मुंबई वेगळी काढतात आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट एका गोणीत भरतात. त्या गोणीत जालना आणि कोल्हापूर शेजारी-शेजारी बसतात. मग 'ग्रामीण' प्रेक्षकासाठी काय करायचं असं विचारलं की उत्तर येतं, तांबडा-पांढरा रस्सा. आपल्याकडची ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्यात वाहून जातो.

प्रेक्षकांची प्रतवारी करतानाही असंच होतं. कुटुंबाचा आर्थिक स्तर ठरवताना कर्त्या कमावत्या माणसाचं शिक्षण आणि 11 गोष्टींची यादी पाहतात. त्यात वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रीज आहे, आणि शेतजमीनही आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण बदनापूरजवळच्या मोसंबीच्या बागेचा मालक आणि मंठ्याच्या माळावर कोरडवाहू चार एकर कसणारा, दोघांच्या नावापुढे 'शेतजमीन आहे' अशी एकच खूण होते. 2012-13 च्या दुष्काळात ज्यांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबीची झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी वाळलेली बाग उपटली, त्यांच्या नावापुढचीही खूण तीच राहिली.

आता जिल्ह्याच्या घड्याळाकडे बघा. मुख्य वेळ म्हणजे सात ते साडेदहा, हे मुंबईत बसून ठरलं आहे. इथे शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर ज्या रात्री पाळी असेल त्या रात्री बॅटरी आणि काठी घेऊन शेतात जावं लागतं. अशा रात्री घरातला कर्ता माणूस नऊ वाजता टीव्हीसमोर नसतो. सौर पंप आणि दिवसाची लाईट वाढत जाईल तसं हे बदलेल, बदलतंही आहे, आणि ते बदललं की इथली नऊची वेळ अचानक मोलाची होईल. हे कुठल्या वाहिनीने हेरलं आहे का, मला शंका आहे. जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांचे कारखाने आहेत, तिथे भट्टी रात्रीही पेटलेली असते आणि पाळी सुटते ती सेटवरच्या घड्याळाला विचारून नाही. दिवाळीच्या सुमाराला अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मीटर घराला लावलेला असतो. घराला कुलूप आहे आणि माणसं फडाच्या कडेला कोपीत राहताहेत, अशा कुटुंबाचा टीव्ही कुठेच मोजला जात नाही. ती माणसं मोबाइलवर मालिकेचे तुकडे बघतात, बायका कालच्या भागाची गोष्ट एकमेकींना सांगतात. गुरुवारच्या आकड्यात हे काही येत नाही.

छतावरच्या छत्रीचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्यांचे पैसे एकेका वाहिनीप्रमाणे मोजायची नवी पद्धत आली आणि खेड्यातल्या अनेक घरांनी महिन्याचा खर्च नको म्हणून दूरदर्शनची फ्री डिश घेतली. एकदा छत्री बसवली की पुन्हा पैसे नाहीत. पण सगळ्यात जास्त पाहिल्या जाणाऱ्या मराठी मालिका ज्या वाहिन्यांवर आहेत त्या सशुल्क आहेत, फ्री डिशवर नाहीत. अशा घरातली बाई 'ठरलं तर मग' पाहत नाही ती आवडत नाही म्हणून नव्हे. तिच्या घरात ती मालिका येतच नाही. 'लोकांना हेच हवं असतं' असं वाहिनीच्या बैठकीत कुणी म्हणालं की मला या बाईची आठवण होते. तिला काय हवं, हे तिला कुणी दाखवूनच पाहिलेलं नाही.

बातम्यांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय या जिल्ह्यातून पुढे जाता येणार नाही. 29 ऑगस्ट 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्या संध्याकाळपासून राज्यातल्या झाडून सगळ्या मराठी वृत्तवाहिन्यांच्या गाड्या त्या गावात उभ्या राहिल्या. आंदोलनाच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाही. वेळापत्रकाचा माणूस म्हणून एवढंच सांगतो, की मुंबईतल्या वृत्तवाहिनीने आपली अख्खी संध्याकाळ जालना जिल्ह्यातल्या एका गावाच्या ताब्यात देणं ही अभूतपूर्व गोष्ट होती. बातम्यांचे आकडे 2022 पासून चार आठवड्यांची सरासरी काढून दिले जातात. एका दिवसाच्या गर्दीने त्यात फारसा फरक पडत नाही. तरी गाड्या थांबल्या, कारण प्रेक्षक थांबला होता. मराठवाडा 'चालत नाही' हे जे आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्याला उत्तर इथेच मिळालं. पण त्या कॅमेऱ्यांनी गावातली शाळा, पीकविमा, पाणी यांतलं काही पाहिलं का? गाड्या ज्या वेगाने आल्या त्याच वेगाने गेल्या.

मोजमाप बंद करा असं मी म्हणणार नाही. मोजल्याशिवाय धंदा चालत नाही, आणि धंदा चालला नाही तर इथल्या लेखकाला काम मिळणार नाही. माझ्या मागण्या लहान आहेत. बार्कने मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राचे आकडे विभागवार द्यावेत. मराठवाडा वेगळा दिसला की जाहिरातदार वेगळा विचार करेल. जालना ही बियाण्यांची राजधानी आहे, महिको इथे 1964 मध्ये सुरू झाली. मे-जूनमध्ये बियाण्यांच्या कंपन्या प्रेक्षकाला शोधत असतात, आणि त्यांना हवा असलेला प्रेक्षक पुण्याच्या गृहिणीपेक्षा वेगळा आहे. त्याच्यासाठी पहाटे पाच-साडेपाचला पुन्हा दाखवलेला भाग किंवा रात्रपाळीच्या हंगामात उशिरा लावलेला भाग का नसावा? खर्च जवळजवळ शून्य आहे, भाग तयारच असतो.

आणि मुंबईच्या निर्मात्यांची अंतराची सबब आता जुनी झाली. 30 डिसेंबर 2023 ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत पूर्ण झाला आणि जालना त्याच्यावर आहे. जांब समर्थला, राजूरच्या गणपतीला भाविक येतात तसा कॅमेराही येऊ शकतो.

समोर बसलेल्या तरुण लेखकांना माझं सांगणं आहे. तुम्ही मुंबईला पटकथा घेऊन जाल तेव्हा पहिल्या बैठकीत तुम्हाला विचारतील, गोष्ट कोल्हापूरला नेता येईल का. नाही म्हणा. मग विचारतील, कुठल्या स्लॉटला लावू. त्या वेळी तुमच्याकडे उत्तर तयार असू द्या: कापूस वेचून बाया किती वाजता घरी येतात, पाळीची लाईट कोणत्या दिवशी रात्री असते, गिरणीचा भोंगा कधी होतो, टोळी कधी परत येते. ही माहिती मुंबईतल्या कुठल्याही तक्त्यात नाही. ती घेऊन जा, आणि आपल्या गावची वेळ मागून घ्या.