झायन नगराची नियमावली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी उभी हयात मुलांना भूगोल शिकविण्यात घालविली. आज अमेरिकेच्या नकाशावरील एका लहानशा गावाची हकीकत आपणांस निवेदन करणार आहे.

शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी, जॉन अलेक्झांडर डॉवी या धर्मोपदेशकाने १९०१ साली झायन नगर वसविले. तेथे जमीन विकत मिळत नसे. ती ११०० वर्षांच्या पट्ट्याने मिळे, आणि नियम त्या पट्ट्यातच नमूद असत. दारू नाही, तंबाखू नाही, डुकराचे मांस नाही; नाटकगृह नाही, जुगार नाही. डॉक्टर आणि औषधांचे दुकान यांनाही बंदी; कारण रोग प्रार्थनेनेच बरा व्हावा, असा डॉवीचा आग्रह. रस्त्यांना नावे बायबलातील. वाटेत माणसे भेटली की ‘तुला शांती लाभो’ असे म्हणत.

या शिस्तीत पुष्कळ चांगलेही होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कामकरी कुटुंबांना निर्व्यसनी गाव मिळाले, लेसच्या कारखान्यात काम मिळाले. कृष्णवर्णीयांनाही तेथे मज्जाव नव्हता. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु बँक, कारखाना, दुकान, सर्व काही एकट्या डॉवीच्या हाती होते. १९०२ साली स्पिरिटचा दिवा उलटून त्याची तरुण कन्या एस्थर भाजली आणि मरण पावली. तरीही नियम बदलला नाही. पुढे नगर कर्जात बुडाले. १९०६ साली अनुयायांनीच डॉवीस पदच्युत केले आणि पुढील वर्षी तो वारला. त्याच्या जागी आलेल्या विल्बर ग्लेन व्होलिव्हाने तर पृथ्वी सपाट आहे, असे पंथाच्या शाळेत शिकविण्यास लावले!

हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. मागाहून मात्र त्या मुलांची कणव आली. ‘गुरुजी, हे कशावरून?’ असे विचारण्याची त्यांना सोय नव्हती.

बंधूंनो, नियमांवाचून समाज चालत नाही, हे मी मास्तर या नात्याने जाणतो. आपल्या मंडळाचीही नियमावली आहे. तथापि नियम करणाऱ्याच्याच कमरेला तिजोरीची किल्ली असू नये, आणि शंका काढणाऱ्यास पंक्तीबाहेर बसवू नये. जमाखर्च दरवर्षी सभेपुढे यावा आणि लहानांनी विचारलेल्या प्रश्नास थोरांनी उत्तर द्यावे, एवढेच विनवून मी आपली रजा घेतो.