बालवाडीतील वळण आणि आपली पंगत

(बडनेरा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



बालवाडीतील मुलांना सृष्टीच्या रक्षणाचे वळण कसे लावावे, याविषयी चार शब्द बोलण्याची मंडळाने आम्हांस आज्ञा केली आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि सारा जन्म मुलांत गेल्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. तीन ते सहा वर्षांचे मूल उपदेशाने शिकत नाही; ते पाहून आणि करून शिकते. 'पाणी जपून वापरावे' हे वाक्य शंभरदा पाठ करविले तरी व्यर्थ. परंतु हात धुतलेले पाणी बादलीत धरून रोज कर्दळीस घालावयास लावले, तर थोड्याच दिवसांत ते त्याच्या अंगवळणी पडते.

या कामी थोर उदाहरण दूरचे नाही. कै. ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीस राहत होत्या. पुढे गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. कै. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. 1957 पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर चालले. महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शंखशिंपले, खडे, पाने आणि माती हीच शिकण्याची साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीतील अंगणात गेली. 'अंगणवाडी' ती हीच.

आपल्या बालवाडीतही चिंचोके मोजावेत, कपाशीचे बोंड उकलून आतील सरकी दाखवावी, कडुनिंबाची निंबोळी पेरून तिचे रोप मुलांकडूनच वाढवावे. ओला कचरा खड्ड्यात आणि सुका टोपलीत, हा त्यांचा खेळच व्हावा. वैशाखात आपल्याकडे पारा कित्येकदा 42 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत पाखरांसाठी पाण्याचे परळ भरण्याची पाळी मुलांकडे असावी. नळाचे पाणी मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, एवढे बाईंनी गोष्टीच्या रूपाने सांगितले, तरी वाहता नळ बंद करावयास बालक आपण होऊन धावेल.

आता जे सांगावयाचे ते थोडे कडू आहे. बालवाडीतील बाईंनी सकाळी कचरा वेगळा करावयास शिकवावे, आणि सायंकाळी वडिलांनी खाऊची रिकामी पिशवी चालत्या गाडीतून रस्त्यावर भिरकवावी! मुलास त्या दिवशी दोन धडे मिळाले. पैकी त्यास खरा वाटेल तो वडिलांचा. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. तरी आपण बाजारास रिकाम्या हातांनी जातो आणि भाजी प्लास्टिकच्या पिशवीत आणतो. राज्य सरकारने मार्च 2018 मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली. एकदाच वापरावयाची प्लास्टिकची ताटे, पेले व चमचे यांना 1 जुलै 2022 पासून देशभर मनाई झाली. कायदा झाला, वळण मात्र पडले नाही.

याच जिल्ह्यात शेंडगावी 1876 साली जन्मलेले संत गाडगेबाबा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी कृती, मग शब्द, हा क्रम आपण उलटा केला आहे.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे की, पुढील संमेलनाची पंगत पळसाच्या पत्रावळींवर बसावी आणि पाण्यासाठी प्रत्येक कुटुंबाने घरून स्टीलचे पेले आणावेत. कागदी पेल्यांनी हे काम भागणार नाही, कारण त्यांच्या आतील बाजूसही बहुधा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. पेले विसळण्यास पाणी लागेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु दोन घंगाळांत ते विसळता येतील आणि तेच पाणी झाडांच्या आळ्यांत घालता येईल. पत्रावळींचे खत होईल. खर्च फारसा वाढणार नाही. स्वयंसेवकांचे श्रम मात्र वाढतील, आणि ते वाढावेत हेच आम्हांस इष्ट वाटते.

त्या पंगतीत आपली बालके बसलेली असतील. बाईंनी शिकविले तेच आईवडील आणि आजीआजोबा करीत आहेत, हे ती डोळ्यांनी पाहतील. बालवाडीचे निम्मे काम तेथे पुरे होईल. हे मंडळाने मनावर घ्यावे, इतके सांगून आपली रजा घेतो.