दोष कोणत्या दुव्यांत?

गिरडला शेख फरीदांच्या टेकडीखालीं एका घरीं मुलीच्या परीक्षेच्या अर्जाची शेवटची रात्र आहे, आणि लॅपटॉपवरील इंटरनेट अडलें आहे, अशी कल्पना करा. येथें दुवे दोन : लॅपटॉप ते राउटर हा बिनतारी, राउटर ते बाहेरचें केंद्र हा दुसरा. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो त्याच राउटरवर चालवून पाहावा. चालला, तर दोष पहिल्या दुव्यांत. जुनी जोडणी पुसून पासवर्ड पुन्हा घालावा. जाड भिंत आड असल्यास ५ ऐवजीं २.४ गिगाहर्ट्झची लहर निवडावी. ती भिंतीपलीकडे अधिक पोंचते. मोबाइलहि अडला, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावावा. तरीहि न जमल्यास लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा. दुरुस्ती उद्यां होईल. अर्ज आजच गेला पाहिजे.