फुटबॉलचा पंच आणि अखिलाडू वर्तनाचा न्याय

(क्रीडाशिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

फुटबॉलचे नियम अवघे सतरा आहेत. लाथ मारणे, पाडणे, ढकलणे हे दोष प्रेक्षकांनाही ओळखता येतात. पंचाची खरी कसोटी लागते ती अनपेक्षित प्रसंगी, नियमाचे शब्द पाळून त्यामागील हेतू मोडला जातो तेव्हा. या कृत्यांचा विचार प्रामुख्याने बाराव्या नियमात केलेला आहे.

अशा वेळी पंचाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. चेंडू खेळात होता काय? कृत्य कोणी व कोणाविरुद्ध केले? त्यात फसविण्याचा हेतू होता काय? पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून खेळ पुन्हा कसा सुरू करावयाचा हे ठरते. तिसऱ्याचा संबंध मुख्यतः शिक्षेशी असतो. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानेच पुष्कळ निर्णय चुकतात. चेंडू खेळाबाहेर असताना एखाद्याने प्रतिस्पर्ध्यास मारले, तर त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढता येते. पण त्याबद्दल फ्री किक देता येत नाही.

आता काही उदाहरणे पाहू. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा नियम १९९२ साली वेळकाढूपणा रोखण्यासाठी आला. त्यावर काहींनी युक्ती शोधली. चेंडू स्वतःच्याच पायाने वर उडवावयाचा आणि डोक्याने गोलरक्षकाकडे द्यावयाचा! नियमाने या युक्तीलाच अखिलाडू वर्तन ठरविले आहे. गोलरक्षकाने चेंडूला हात लावो वा न लावो, युक्ती करणाऱ्यास पिवळे कार्ड आणि प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. मात्र खेळाच्या ओघात उंच आलेला चेंडू कोणी सहज डोक्याने मागे दिला, तर त्यात दोष नाही.

दुसरे उदाहरण ओरडण्याचे. "सोड, माझा!" असा पुकारा झाला की शिट्टी वाजलीच पाहिजे, असा समज शाळाशाळांतून आढळतो. तो बरोबर नाही. आपल्या सहकाऱ्यास सूचना देणे हा गुन्हा नव्हे. त्या शब्दांनी प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित केले, तरच ते अखिलाडू वर्तन होय. तसेच पायातील बूट वा अन्य वस्तू चेंडूवर फेकून तो अडविणाऱ्याविरुद्ध थेट फ्री किक द्यावी लागते.

नियमाची मर्यादा दाखविणारा प्रसंग २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे घडला. विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात उरुग्वे व घाना यांची १-१ अशी बरोबरी होती. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या लुईस सुआरेझने हातांनी अडविला. पंचांनी त्याला लाल कार्ड दाखविले व घानास पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांड्यावर आदळला आणि पुढे पेनल्टींच्या निर्णायक फेरीत उरुग्वे ४-२ असा विजयी झाला. घानावर अन्याय झाला, असे अनेकांना वाटले. तथापि पंचांचा निर्णय अचूक होता. न झालेला गोल बहाल करण्याचा अधिकार पंचास नाही. नियम अपुरा वाटला तर तो बदलण्याचे काम नियम करणाऱ्यांचे आहे. मैदानावर नवा नियम निर्माण करण्याचे पंचाचे नव्हे.

निर्णय अचूक असून भागत नाही, तो कळावाही लागतो. १९६६ च्या विश्वचषकात वेम्बली येथे अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला जर्मन पंचांनी बाहेर काढले, तेव्हा दोघांना परस्परांची भाषा कळत नव्हती; खेळ बराच वेळ खोळंबला. त्या स्पर्धेत पंचांच्या व्यवस्थेची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन यांना पुढे वाहतुकीच्या दिव्यांवरून रंगीत कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम वापरात आली.

महाराष्ट्रात फुटबॉलची परंपरा जुनी आहे. मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली; कोल्हापुरात पेठापेठांतील तालमींचे संघ आजही ईर्ष्येने खेळतात. जेथे ईर्ष्या मोठी, तेथे पंचाचा शब्द अधिक मोलाचा. शालेय सामन्यांत बहुधा शिक्षकच पंच असतात आणि खेळाडू त्यांचे विद्यार्थी. लबाडीने मिळविलेला विजय तेथे टाळ्या घेऊन गेला, तर मुले तोच धडा घरी नेतात. नियम समजून, निर्भयपणे व शांतपणे दिलेला निर्णय त्यांना न्याय म्हणजे काय हे शिकवितो. पंचायतीचे सदस्य व गावातील जाणत्यांनी मैदानाच्या कडेला उभे राहून पंचास पाठबळ द्यावे. पंच एकटा पडला, तर सतरा नियम केवळ कागदावरच राहतील.