पेटीतली पुस्तके आणि पाटीतले पुस्तक

मी मुकुटबनचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यातलं, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं हे गाव. आजूबाजूला कापसाची काळी जमीन, जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी, आणि बाजाराच्या दिवशी कानावर मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामीही पडते. मास्तरकीत माझी उमर गेली. आता निवृत्त आहे आणि वाचन एवढाच एक उद्योग उरला आहे. या वाचनाच्या बाबतीत तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात एक मोठा बदल झाला. छापील पुस्तकं बाजूला ठेवून मी ई-रीडर नावाच्या यंत्रावर वाचू लागलो. त्यात मला काय मिळालं आणि माझ्या हातून काय निसटलं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांवर ही वेळ आज ना उद्या येईल. तेव्हा माझा अनुभव कदाचित कामी पडेल.

आमच्या तरुणपणी पुस्तक मिळवणं हेच एक काम असे. वणीला गेलो की एखादं आणायचं, नागपूरला लग्नकार्याला गेलो की दोनचार. असं करता करता दोन लोखंडी पेट्या आणि भिंतीतलं एक कपाट भरलं. पुस्तकं जमवणं सोपं, ती सांभाळणं कठीण! पावसाळ्यात ओल, आणि ओलीच्या मागोमाग वाळवी. दरवर्षी उन्हाळ्यात सगळी पुस्तकं अंगणात मांडून त्यांना ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला घालून परत भरायची, हा आमच्या घरचा नेमच होता. घरची मंडळी म्हणत, "लोक पापड वाळवतात, आमच्याकडे पुस्तकं वाळतात."

वाळवीशी मी झुंजलो. पण डोळ्यांशी झुंज देता येईना. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. लांबचं स्पष्ट दिसू लागलं, जवळचं बारीक अक्षर मात्र काही केल्या ठरेना. दहा पानं झाली की कपाळ ठणके. ज्याला वाचनावाचून जेवण गोड लागत नाही, त्याची अशा वेळी काय अवस्था होते ते वाचणाऱ्यालाच कळेल.

अशात दिवाळीला मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं एक पातळ, काळी पाटी माझ्या हातात ठेवली.

"बाबा, हे घ्या."

"अरे, एक फोन आहे ना. दुसरा कशाला?"

"हा फोन नाही. यात फक्त वाचायचं."

मी तिला पाटी म्हणतो, कारण ती दिसते तशीच. वजन पाव किलोच्या आतबाहेर. तुम्ही विचाराल, फोनच्या काचेवरही अक्षरं दिसतात, मग यात वेगळं काय? फोनची काच स्वतः उजळते आणि तो उजेड थेट आपल्या डोळ्यांत येतो. या पाटीचं पान कागदासारखं बाहेरच्या उजेडावर दिसतं. त्यामुळे भर दुपारी बांधावर बसलात तरी अक्षर ठळक. आतली करामत मोठी गमतीची आहे. पडद्याखाली केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पातळ द्रव, आणि त्यात तरंगणारे पांढरे आणि काळे कण. दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युत्‌भार असतो. वीज एका दिशेनं दिली की काळे कण वर येतात, उलट दिली की पांढरे. काळ्या ठिपक्यांनी अक्षर उमटतं. एकदा उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलेली पाटी कित्येक दिवस, कधी कधी आठवडेसुद्धा चालते. अंधारात वाचायचं तर कडेला बारीक दिवे असतात, तेवढ्यापुरती थोडी वीज जास्त जाते. या विद्युत्‌शाईचं काम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झालं आणि ती बनवणारी कंपनी १९९७ साली निघाली. २००७ साली अ‍ॅमेझॉन कंपनीनं किंडल नावाचं यंत्र बाजारात आणलं, आणि २०१६ च्या डिसेंबरात त्याच कंपनीनं मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं त्यावर विकायला काढली.

मला मात्र या सगळ्यापेक्षा एकाच गोष्टीचं अप्रूप वाटलं. अक्षर मोठं करता येतं! हरभऱ्याएवढं करा, बोराएवढं करा. पहिल्या रात्री मी चाळीस पानं वाचली आणि कपाळ ठणकलं नाही. श्रोतेहो, त्या रात्री मला माझं जुनं घर परत मिळाल्यासारखं वाटलं.

आता काही मंडळी म्हणतील की ज्याला कागद नाही, ज्याचं पान बोटाखाली चुरचुरत नाही, ते कसलं पुस्तक? त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. पण एक जुनी हकीकत सांगतो. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हाताने लिहिलेल्या पोथ्या होत्या. मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला, छापील मराठी पंचांग काढलं. तेव्हा सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवायला तयार नव्हते. शाईत चरबी असते, हा त्यांचा आक्षेप. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई तयार केली, असं सांगतात. तेव्हा ज्या छापील पुस्तकाला आपण आज पूज्य मानतो, तेही एके काळी नवं आणि संशयास्पदच होतं. पोथीतून पुस्तकात आलेलं ज्ञान बाटलं नाही. पुस्तकातून पाटीत गेलेलंही बाटणार नाही.

इथवर सगळं गोडच होतं. आता चुकीचं सांगतो.

यंत्र आल्यावर सहा महिन्यांत मला वाटू लागलं की पेट्या आता कशाला? पाटीत शेकडो पुस्तकं मावतात. वाळवी नको, ऊन नको, पाला नको. मी कपाट रिकामं केलं. फाटकी पुस्तकं रद्दीत गेली, चांगली होती ती शहरातल्या नातेवाइकांनी नेली. नवीन छापील पुस्तक विकत घेणं बंदच झालं. घर मोकळं झालं आणि मी खूश झालो.

आमच्या गावाजवळ कोलामांचा एक पोड आहे. तिथली एक मुलगी बाजाराच्या दिवशी बापाबरोबर गावात येई. बाप बाजार करी तोवर ती आमच्या ओसरीवर बसे. जाताना एक पुस्तक घेऊन जाई आणि पुढच्या बाजाराला परत आणी. पुस्तकाला कधी हळदीचा डाग पडलेला असे, कधी पानात पळसाचं फूल असे, पण पुस्तक वाचलेलं असे. तिच्याशी दोन प्रश्न केले की कळे. कपाट रिकामं झाल्यावरच्या बाजाराला ती आली, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"गुरजी, पुस्तकं कुठी गेले?"

मी मोठ्या ऐटीत पाटी तिच्या हातात दिली. म्हटलं, "हे बघ, यात शंभर आहेत."

तिनं ती उलटीपालटी केली. एक पान पुढे सरकवलं, एक मागे. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे त तुमालेच लागते न, गुरजी."

आणि उठून गेली. पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

श्रोतेहो, त्या पोरीनं एका वाक्यात सांगितलं ते मला मास्तर असून सुचलं नव्हतं. शंभर पुस्तकं पेटीत असली तर शंभर घरी जाऊ शकतात. शंभर पुस्तकं एका पाटीत असली, की ती एकाच माणसाच्या उशाशी राहतात. माझं वाचन सोपं झालं आणि माझ्या ओसरीवरचं वाचन बंद पडलं.

यात यंत्र विकणाऱ्यांचे नियमही आड येतात. विकत घेतलेलं बहुतेक ई-पुस्तक तुमच्या नावाला बांधलेलं असतं. छापील पुस्तकासारखं ते शेजाऱ्याच्या हाती देता येत नाही. पैसे देऊन आपण पुस्तक घेतलं असं आपल्याला वाटतं, खरं म्हणजे वाचण्याची परवानगी घेतलेली असते. २००९ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेत असं घडलं की, जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून एकाएकी नाहीशी झाली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉननं ती दूरवरून पुसली. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण आमच्या पेटीतलं पुस्तक न्यायला कुणाला तरी दारात यावं लागलं असतं, एवढं खरं.

मग यंत्र टाकून द्यावं काय? मुळीच नाही. माझे डोळे त्यावरच चालतात. मी फक्त माझी वहिवाट बदलली. तीच तुम्हाला सुचवतो.

पहिली गोष्ट. यंत्र घेतलं तरी पेटी रिकामी करू नका. स्वतःसाठी पाटीवर वाचा. पण वाचून मनात आलं की हे पुस्तक गावातल्या चार जणांनी वाचायला हवं, तर त्याची छापील प्रत घ्या आणि दिसेल अशा जागी ठेवा. कपाटात कुलपाखाली ठेवलेलं पुस्तक आणि पाटीत लपलेलं पुस्तक, पोराच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. गावात ग्रंथालय असेल तर त्याला द्या. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याच्या आधाराने चालणारी लहान लहान ग्रंथालयं आपल्या वाचकांवरच जगतात. वाचणाराच घरी बसला तर ती कोणासाठी उघडायची?

दुसरी गोष्ट, शिक्षक मंडळींसाठी. फुकट आणि रीतसर मिळणारी पुष्कळ पुस्तकं आहेत, त्यांची माहिती करून घ्या. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून 'श्यामची आई'सह त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांना मोकळी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी प्रकाशनं संगणकावर मोफत ठेवली आहेत. 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर २०१५ साली सुरू झालं. त्यावर लहान मुलांच्या गोष्टी मराठीत आहेत, गोंडीतही आहेत, आणि त्या उतरवून छापायलाही परवानगी आहे. चार पानांची गोष्ट छापून, दोऱ्याने शिवून मुलांच्या हाती द्या. यंत्रातून पुन्हा कागदावर आलेलं ते पुस्तक घरोघर फिरेल. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. जुन्या पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो असतील, तर पाटीवर त्यांचं अक्षर सोयीनं मोठं होत नाही. पान इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. अक्षर म्हणून टंकलेलं पुस्तक मिळालं तर तेच घ्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मोठ्यानं वाचा. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लागते. पोथी एक, वाचणारा एक, ऐकणारं सगळं आवार. पोथी कुणाच्या मालकीची आहे, हे कोणी विचारत नाही. पाटी एकच असली तरी तिच्यातली गोष्ट अशीच वाटता येते. आता आमच्या ओसरीवर सांजच्याला अर्धा तास वाचन असतं. वीज गेली तरी अडत नाही. पाटीचा स्वतःचा उजेड पुरतो आणि मोठ्या अक्षरामुळे मी अडखळत नाही. ऐकायला कधी सहा जण असतात, कधी दोन. वेचणीच्या दिवसांत तर बाया दमून आलेल्या असतात, तरी दाराशी टेकून एखादं प्रकरण ऐकून जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत माझं छापील कपाट कधीच पोहोचलं नव्हतं. ही पाटी पोहोचली.

कपाटात आता तीस-पस्तीस पुस्तकं पुन्हा जमली आहेत. त्याला दार ठेवलेलं नाही. शेजारी एक वही टांगली आहे. ज्यानं पुस्तक नेलं त्यानं आपलं नाव लिहायचं, आणलं की खोडायचं. पोडावरच्या त्या मुलीला मी तिच्या बापाकरवी निरोप धाडला होता. दोन बाजार वाट पाहिली, तिसऱ्याला आली. कपाटापुढे बराच वेळ उभी राहिली, मग एक पुस्तक काढलं.

वहीत पहिलं नाव तिचं आहे. आणि सांगायला आनंद वाटतो की आजवर ते कितीतरी वेळा खोडलं गेलं आहे.