फटफटीवरील शिरस्त्राण



सन १९३५ च्या मे महिन्याची १३ तारीख. इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यांत बोव्हिंग्टन म्हणून लष्कराची एक छावणी आहे. तेथल्या डाकघरांत त्या दिवशीं ४६ वर्षांचा एक गृहस्थ आला. एका स्नेह्याला भोजनास बोलावण्याची तार त्यानें केली आणि आपल्या मोटारसायकलीवर बसून तो घरीं निघाला. घर अवघ्या दीड मैलावर. वाटेंतील एका उतारावर सायकलींवरून चाललेलीं दोन मुलें त्याला एकाएकीं दिसलीं. त्यांना चुकविण्यासाठीं त्यानें गाडी वळविली आणि तो पुढें फेंकला गेला. डोकें उघडें होतें. सहा दिवस तो शुद्धीवर आला नाहीं. १९ तारखेस त्याचा अंत झाला.

हा गृहस्थ म्हणजे कर्नल टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धांत अरबांच्या बंडांत भाग घेऊन 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून तो जगभर गाजला होता. वाळवंटांतल्या लढायांतून, शत्रूचे रेल्वेमार्ग उडवितांना आलेल्या प्रसंगांतून जो सुखरूप सुटला, तो तार करून घरीं परततांना गेला. मरणाला कांहीं मोठें निमित्त लागतें, अशी आपली एक भाबडी समजूत असते. डाकघरांतून घरीं येणें हें तिच्या हिशेबांत बसत नाहीं.

लॉरेन्सच्या उशाशीं ज्या वैद्यांना बोलावण्यांत आलें, त्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. जन्मानें ऑस्ट्रेलियन, अमेरिकेंत हार्वे कुशिंग यांच्या हाताखालीं तयार झालेले. लॉरेन्सला ते वांचवूं शकले नाहींत. पुढें दुसरें महायुद्ध सुरू झालें. लष्करी निरोप पोंचविणारे स्वार फटफटीवरून रात्रंदिवस धांवूं लागले. रस्त्यांवर दिवे नाहींत, सर्वत्र सक्तीचा अंधार. केर्न्स यांनीं आंकडे मांडून पाहिले. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें १,८८४ मोटारसायकलस्वार व मागें बसणारे मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मेले. बहुतेकांच्या मृत्यूचें कारण डोक्यावरील आघात. हेल्मेट घातलेले जखमी त्यांच्या पाहण्यांत अवघे सात आले होते, आणि ते सातही जण जगले होते. सात ही संख्या लहान आहे हें केर्न्स जाणून होते. तरी १९४१ सालीं त्यांनीं आपला लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचें केलें, आणि १९४६ पर्यंत केर्न्स यांच्या हातीं मृत्यूंच्या उतरत्या संख्येचा पुरावा आला.

सामान्य नागरिकांसाठीं ब्रिटनमध्यें असा कायदा केव्हां झाला? १९७३ सालीं! केर्न्स १९५२ मध्येंच निवर्तले होते. या इतिहासांतील मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ही दिरंगाई. शोध लागलेला होता, पुरावा होता, वस्तूही बाजारांत होती. किंबहुना ती फार पूर्वीपासून होती. ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मैदानावरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनीं कॅनव्हास आणि लाख यांचें हेल्मेट करवून १९१४ च्या सुमारासच तें शर्यतीच्या स्वारांच्या डोक्यावर चढविलें होतें. पण धोका शर्यतीच्या मैदानावर असतो, घराच्या वाटेवर नसतो, ही समजूत कोणत्याही हाडापेक्षां कठीण असते.

'शिरस्त्राण' हा शब्द मीं भाषणाच्या मथळ्यासाठीं घेतला. तो भारदस्त आहे. परंतु दुकानांत जाऊन कोणी शिरस्त्राण मागितलें तर दुकानदार आपल्याला नाटक कंपनीचा माणूस समजेल. म्हणून यापुढें मी हेल्मेटच म्हणतों.

हेल्मेट कठीण असतें म्हणून तें वांचवितें, असा सर्वांचा समज आहे. तो अर्धाच खरा. वरचें कवच कठीण असतें तें टोंकदार दगड आंत शिरूं नये आणि आघात एका बिंदूवर न राहतां पसरावा म्हणून. मुख्य काम आंतल्या थराचें आहे. नाजूक वस्तूंच्या खोक्यांत पांढरा थर्मोकोल असतो ना, त्याच जातीचा पण अधिक घट्ट असा तो थर असतो. आघात झाला कीं तो चिरडला जातो, आणि त्याचें चिरडणें हेंच आपलें वांचणें. अशा अस्तराच्या हेल्मेटाचें पेटंट अमेरिकेंत सी. एफ. लोम्बार्ड यांना १९५३ सालीं मिळालें.

थोडा हिशेब करूं. फटफटीवर बसलेल्या माणसाचें डोकें भूमीपासून सुमारें ५ फूट उंच असतें. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तु जमिनीवर पोंचते तेव्हां तिचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर झालेला असतो; गाडी उभी असली तरीही. उघडें डोकें डांबरावर आदळलें कीं हा सारा वेग कांहीं मिलिमीटरांत संपतो. हेल्मेटाचा थर दबतो तेव्हां तोच वेग संपण्यास दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. थांबण्यास जागा अधिक मिळाली कीं धक्का त्या मानानें कमी. 'मी कोठें जोरानें चालवितों?' असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर करून पाहावा.

मेंदूचें दुखणें केवळ कवटी फुटण्यानें होत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. केर्न्स यांच्याबरोबर काम करणारे पदार्थशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनीं कवटीच्या आकाराच्या सांच्यांत जिलेटिन घालून असे प्रयोग केले होते. आपल्याकडे त्यासाठीं प्रयोगशाळा नको. विरजलेल्या दह्याचें गाडगें हातांत घेऊन झटकन् फिरवा आणि थांबवा. गाडगें शाबूत राहतें, दही मोडतें.

मी शस्त्रवैद्य म्हणून रुग्णालयांत काम करीत असतांनाची एक गोष्ट सांगतों. नांव-गांव सांगत नाहीं. एका रात्रीं पंचविशीच्या एका तरुणाला बेशुद्ध स्थितींत आणलें. पाठोपाठ वडील आले. त्यांच्या हातांत मुलाचें हेल्मेट होतें, बरें महागाचें, आणि त्यावर ओरखडासुद्धां नव्हता. ते मला पुनः पुन्हां एकच विचारीत होते, "डॉक्टरसाहेब, त्यानें घातलें होतें हो. मग असें कसें झालें?" मीं पट्टा पाहिला. हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच नव्हता. चौकांत पोलीस दिसावें म्हणून नुसतें डोक्यावर ठेवलेलें तें हेल्मेट पडतांना आधीं उडालें होतें आणि मागून डोकें आपटलें होतें. वडिलांना मीं तें त्या रात्रीं सांगितलें नाहीं. सांगून काय होणार होतें?

मुलगा जगला. घरच्यांनीं देवापुढें साखर ठेवली. तो चालूं लागला, बोलूं लागला. बाहेरच्याला पाहून कळलें नसतें. पण त्याचें वास घेणें गेलें तें गेलेंच. हिशेबनीस होता, आतां चार आंकडे जुळवितांना थकून रडकुंडीला येई. पूर्वी शांत असलेला तो आईवर ओरडूं लागला आणि मागाहून आपण ओरडलों हेंच त्याला आठवेना. एकदां त्याची आई मला म्हणाली, "डॉक्टर, मुलगा घरीं आला, पण आमचा तो नाहीं आला." वर्तमानपत्रांत मृतांचे आंकडे येतात. हा मुलगा कोणत्या आंकड्यांत धरायचा?

हेल्मेटाचा उपयोग किती, यासंबंधीं निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ सालीं एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला आहे. हेल्मेटानें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष. शंभर टक्के कोणीही म्हटलेलें नाहीं. परंतु मृत्यूची शक्यता ४२ टक्के कमी करणारें एखादें औषध निघालें असतें तर दुकानापुढें रांगा लागल्या असत्या. येथें मात्र मोर्चे निघतात! पुण्यांत २०१९ च्या जानेवारींत पोलिसांनीं सक्ती सुरू केली तेव्हां तिच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. 'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण आपल्या तोंडीं असून हें घडावें, याचें नवल वाटतें. तरी आक्षेप घेणाऱ्यांची मी टवाळी करणार नाहीं. वैशाखांत हेल्मेटांत घाम येतो हें खरें आहे. गाडी लावल्यावर तें ठेवावें कोठें, ही अडचणही खरी. मानेला धोका वाढतो ही भीति मात्र पुढील अभ्यासांत टिकलेली नाहीं.

हात-पायांविषयीं थोडक्यांत. पडणारा मनुष्य आधीं तळहात पुढें करतो. ती उपजत क्रिया आहे. तळहाताची कातडी गेली तर कित्येक दिवस घांस दुसऱ्यानें भरवावा लागतो. म्हणून चांगले हातमोजे. पायांत चपलेऐवजीं घोटा झांकणारा बूट, आणि लांबच्या प्रवासांत जाड अंगरखा. मागच्या चाकावर साडी-ओढणीपासून रक्षण करणारी जाळी असते. ती 'शोभत नाहीं' म्हणून काढून टाकणारे महाभाग मीं पाहिले आहेत.

घेतांना आय. एस. ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि आय. एस. आय. ची मुद्रा पाहावी. जून २०२१ पासून या मुद्रेवांचून दुचाकीचें हेल्मेट विकण्यास मनाई आहे. भुंवयांच्या वर फीत धरून डोक्याचा घेर मोजावा. पट्टा लावून मागून वर ओढून पाहावें, निघतां कामा नये. जोराचा आपटा खाल्लेलें हेल्मेट बाहेरून कितीही नवें दिसो, टाकून द्यावें. आंतला थर एकदां दबला कीं पुन्हां फुगत नाहीं.

आतां एक कबुली देतों. १९८८ च्या कायद्याच्या १२९ व्या कलमानें चालविणारा आणि मागें बसणारा यांत भेद केलेला नाहीं. २०२२ सालीं आपल्या देशांत हेल्मेट न घालणारे ५०,०२९ जण दुचाकींवर मृत्यु पावले, असें सरकारी अहवालांत आहे; त्यांत १४,३३७ मागें बसलेले होते. हा आंकडा वाचीत बसलों असतां माझ्या लक्षांत आलें कीं, ज्या स्कूटरवर मी इतकीं वर्षें हेल्मेट घालून बसलों, तिच्याच मागच्या बैठकीवर आमची मंडळी तितकींच वर्षें उघड्या डोक्यानें बसली आहे. लोकांना उपदेश करून मी घरीं येत होतों तो असा.

मीं हें बोलून दाखविलें तेव्हां ती म्हणाली, "अहो, इतके दिवस तुमचें तेवढें डोकें होतें, आणि माझी काय नारळाची करवंटी?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच संध्याकाळीं आम्ही दुकानांत गेलों. पहिलें सैल झालें, दुसऱ्यानें कान दुखले, तिसरें बसलें. अंबाड्याची अडचण होती. ती तिनें वेणी घालून सोडविली. गजरा आतां मुक्कामीं पोंचल्यावर माळला जातो. परवां कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जावयाचें होतें, मी घाईंत नुसतीच किल्ली फिरविली. ती मागें बसेना. हातांत माझें हेल्मेट घेऊन पायरीवर उभी राहिली.